मेढीवरचं कुंकू

आसनगावला उतरलो तेव्हा पाऊस उघडला होता. भाद्रपदाचे दिवस, भातं पोटरीला आलेली. शहापूर मागे टाकून बैलगाडी मुरबाडच्या रस्त्याला लागली. बारा वर्षांपूर्वी, लढाईच्या आधी, जंगल खात्याचा कारकून म्हणून मी इथं हिंडत असे. या खेपेला कसलंच काम नव्हतं. एक घर पाहायचंय, एवढंच गाडीवाल्याला सांगितलं.

सापगावच्या अलीकडे थांबून भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली.

घर उभं होतं, पण आता त्याचं दुकान झालेलं. खांब, तुळया, सगळं सागाचं. आतल्या भिंती तेवढ्या काढलेल्या. ओटीवर गुळाच्या ढेपा, चुलीच्या जागी रॉकेलचे रिकामे डबे. दुकानाच्या ऐन मध्ये मेढ (घराचा मुख्य खांब) आणि तिच्यावर ताजं कुंकू.

हे घर धर्मा नावाच्या शेतकऱ्याच्या बापानं बांधलेलं. या दुकानदाराला रस्त्यालगतची ती जागा हवी होती, आणि मी त्याच्याकडे जेवायला असे. त्याच्या सांगण्यावरून मी लाकूड तपासायला गेलो. धर्माकडचे कागद वाळवीनं खाल्लेले. "सरकारी हातोड्याचा शिक्का नाही, म्हणजे साग चोरीचा. धरून नेतील," मी म्हणालो. वास्तविक कुंकवाखाली तो शिक्का माझ्या बोटाला लागला होता. घरचे त्याला देवाची खूण समजून पुजत आले होते. मी बोट पुसलं आणि गप्प बसलो. आठवड्यात धर्मानं घर विकलं.

मी मेढीकडे बघत उभा असताना धर्माची बायको आली. तिनं मला ओळखलं नाही. आधी मेढीला कुंकू लावलं, मग मीठ मागितलं.

दुकानदार हसला, "काय गो मावशी, देव माझ्या दुकानात नि नवस तुझे?"

"तुजं दुकान देवाच्या घरात हाय रे."

"धर्मा कुठंय?" मी विचारलं.

"गेले. दोन पावसाळे झाले."

मग मात्र मला राहवलं नाही. कुंकू खरवडून तिला शिक्का दाखवला, सगळं सांगितलं. दुकानदार तागडीकडे बघत राहिला.

ती म्हणाली, "म्हंजे सासरा माजा चोर नव्हता?"

"नव्हता, बाई."

"यांनी बापाचं पितरांचं पान बंद केलं व्हतं. चोराला कसलं पान, बोलायचे. मरेस्तो नाय मांडलं."

मला शिव्या देईल असं वाटलं. ती दुकानदाराकडे वळली. "मीठ वाढव रे. औंदा दोन पानं मांडायची हायत."

परतीच्या गाडीत बोटाला कुंकू तसंच होतं. या वेळी ते पुसलं नाही. पण बाप चोर नव्हता, हे धर्माला आता कोण सांगणार?