डॉट शेतीची नऊ पत्रं

माझं घर नांदेडला आणि नोकरी लातूरला. ऑफिस म्हणजे एका शिकवणी वर्गाच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या. आम्ही दुकानांच्या, शाळांच्या वेबसाइट बनवायचो. मग पुण्याच्या एका कंपनीने आमच्या सरांना वेगळंच काम दिलं. इंटरनेटच्या पत्त्यात शेवटी डॉट कॉम, डॉट इन असं जे येतं, तसा एक नवा शब्द कंपनीला हवा होता. देवनागरीत, डॉट शेती. अशा नव्या शब्दांसाठी जगभरातून अर्ज मागवतात, पण एकदा मागवले की पुढची कित्येक वर्षं काहीच नसतं. अर्ज मंजूर झाला की तो शब्द अर्जदाराच्या ताब्यात. त्याखाली नाव कुणाला द्यायचं, कुणाला नाही, हे तोच ठरवतो.

कंपनीने अर्ज शेतकरी समूहाच्या वतीने करायचा ठरवला. तोच शब्द आणखी कुणी मागितला तर अशा अर्जाला आधी मान मिळतो. त्यासाठी शेतकरी गटांची पाठिंब्याची पत्रं हवी होती. ती आणायचं काम माझ्याकडे आलं.

मला अनोळखी माणसांशी बोलता येत नाही. शाळेत इंग्रजीतून पाठ केलेली उत्तरं म्हणायची सवय. पाठ नसलेला प्रश्न आला की मी नुसती मान हलवते. त्यामुळे लोह्याच्या गटाच्या अध्यक्षांनी जे केलं त्याने मला सुटल्यासारखंच वाटलं. मी फाइल उघडायच्या आत त्यांनी तीन कोरी लेटरहेडं काढली, तिन्हींवर खाली सही केली आणि गोल शिक्का मारला.

"घ्या मॅडम. इंग्लिश तुमाला येतं, आमाला न्हाई. दोन जास्तीचे देऊन राहिलो, चुकलं तर परत खेटा नको."

आमच्याकडे हे नवीन नाही. कोरा कागद सही करून देणं म्हणजे माणसावर विश्वास टाकणं, आणि "नको, आधी वाचून घ्या" म्हणणं म्हणजे त्या विश्वासाचा अपमान. नायगावलाही तसंच झालं. शिरूर अनंतपाळला बायकांचा तूरडाळीचा गट आहे. तिथल्या अध्यक्षबाईंना मी मावशी म्हणत होते. त्यांनी सही सावकाश केली, शिक्का मारला आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली. असे नऊ गट झाले. पत्रं मी लिहिली. नवव्या पत्रापर्यंत माझ्याकडची इंग्रजी विशेषणं संपत आली होती.

गटांना ईमेलचे पत्तेही लागत होते. ते कुणाकडेच नव्हते. मी नऊ पत्ते माझ्याच फोनवर उघडले आणि पासवर्ड डायरीत लिहून ठेवले.

अर्ज गेला. बऱ्याच दिवसांनी, मी मेसवर जेवत असताना फोन एकापाठोपाठ एक नऊ वेळा वाजला. अर्ज तपासणाऱ्या परीक्षकांनी प्रत्येक गटाला पत्राची खातरजमा करायला तीन प्रश्न पाठवले होते. पत्र तुमचंच आहे का? सही करायचा अधिकार तुम्हाला आहे का? आणि हा शब्द कशासाठी आहे असं तुम्हाला वाटतं, ते तुमच्या शब्दांत लिहा.

सर खूश झाले. "बरं झालं, सगळे मेल तुझ्याकडेच आलेत. आजच्या आज नऊ उत्तरं टाकून दे. भाषा जरा वेगवेगळी ठेव, म्हणजे झालं."

मी बसले. सुरुवात शिरूरपासून केली, कारण ते पत्र सगळ्यात बरं जमलं होतं. पहिल्या दोन प्रश्नांना हो लिहिलं. तिसऱ्याखाली मावशींच्या तोंडची म्हणून दोन वाक्यं टाइप केली. वाचून पाहिली. वाक्यं छान होती. मावशी असं काही बोलल्याच नव्हत्या. त्या कागदावर फुंकर घालत होत्या तेवढंच मला आठवत होतं. मी पाठवा हे बटण दाबलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना तब्येतीचं कारण सांगून मी शिरूरची एसटी धरली.

शेडमध्ये बायका सुपात डाळ पाखडत होत्या. मी पत्र काढलं आणि मराठीत सांगू लागले. तीनदा अडखळले.

"मग हे डॉट शेती कुणाचं व्हणार?" मावशींनी विचारलं.

"कंपनीचं. आपल्याला त्यात गटाचं नाव घेता येईल."

"आन् दुसऱ्याला?"

"ज्याला शेतीत रस आहे त्या कुणालाही." अर्जात तसंच लिहिलं होतं.

सूप घेतलेली एक बाई हसली. "रस तर त्या बियाण्यावाल्यालाबी लई हाय की! सोयाबीन उगवलं न्हाई तवा फोन उचलंना झाला. त्योबी डॉट शेती लावून बसंल."

"आन् लोक म्हनतील, शेतकऱ्याचा दिसतोय," दुसरी म्हणाली.

मावशी हसल्या नाहीत. "त्याला न्हाई कोन म्हननार?"

"कंपनी."

"आन् म्या त्यावर शिक्का मारला."

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही कागद कोरा दिला होता."

"हाव, दिला. इंग्लिश येत न्हाई म्हून दिला. इचारू नका म्हून न्हाई दिला, बाई."

त्या रागावून बोलल्या नाहीत. चहा सांगितला. मग म्हणाल्या, "ल्ही. आमचा पाठिंबा हाय. पन नाव कुनाला द्यायचं ते शेतकऱ्याच्या गटाला इचारून ठरवायचं. तसं नसंल तर पाठिंबा न्हाई."

मी मराठीतच टाइप केलं, त्यांना दोनदा वाचून दाखवलं आणि खाली इंग्रजी जोडलं. पाठवा हे बटण त्यांनी स्वतः दाबलं. मग मी त्यांच्या मुलीच्या फोनवर तो पत्ता उघडून दिला आणि पासवर्ड बदलायला सांगितला. त्या टाइप करत होत्या तेव्हा मी डाळीकडे बघत राहिले.

सोमवारी सरांना खरं सांगितलं. त्यांनी उत्तर वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अटीचा पाठिंबा म्हणजे निम्मा पाठिंबा. पुण्याला काय सांगू मी?"

"नाव कुणाला द्यायचं तो भाग बदलायला सांगा," मी म्हटलं. हे वाक्य मी बसमध्ये पाठ केलं होतं.

"आणि नाही बदलला तर?"

हे पाठ नव्हतं. "मग मावशींचा पाठिंबा नाही, सर."

ते पुण्याला फोन करतो म्हणाले. करतील की नाही ते कळलं नाही. मग म्हणाले, "बरं, एक पत्र गेलं समजू. बाकीची आठ तरी इथून कर. मुदत संपत आलीय."

शनिवारी मी नेहमी नांदेडच्या बसने घरी जाते. बस लोह्यावरूनच जाते, पण घरी जाताना मी तिथे कधी उतरले नव्हते. कंडक्टरने सवयीने नांदेडचं तिकीट फाडायला घेतलं.

"लोहा," मी म्हटलं. फाइलमध्ये अध्यक्षांची जास्तीची दोन लेटरहेडं होती, कोरी, सही-शिक्क्याची. ती आधी परत द्यायची होती.