उतारावरची सीताफळवाली

दारव्ह्याच्या रस्त्यावर, उताराच्या वळणाशी ती सीताफळांची टोपली घेऊन बसते. नाव मी कधी विचारलं नाही. अंगठ्याने दाबून पाहिल्याशिवाय ती एकही फळ गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. त्याच वळणावर मी एकदा सायकलवरून घसरून पडले होते. तेव्हापासून तिथे उतरून चालत जायचे.

परवा नवे टायर बसवून गेले, तरी उतरलेच.

“काहून उतरली वं बाई? सायकल लंगडी झाली का?”

“नवे टायर आहेत. भरवसा वाटत नाही.”

तिने टायरवर अंगठा दाबला. “लय कडक हाय. सीताफळ असतं तं तुले देल्लंच नसतं!” आणि पदर तोंडाला लावून हसली. “पण टायर असाच पाह्यजे. जाय आता.”

मी सायकलवर बसून निघाले. वळणावर सायकल कलली. जुने टायर इथेच सरकले होते. नव्यांनी डांबर घट्ट धरलं. ब्रेकवरची बोटं आपोआप सैल झाली. खाली पोचले आणि धापा टाकत लगेच पुन्हा वर आले.

“आता काहून आली?”

“परत खाली जायला.”

तिने टोपली मागे ओढली. “मंग हान जोरानं!”