फ्रिजवाल्याला न जमलेला एसी

फ्रिजवाल्याचा हात गेला, अशी कुजबुज आमच्या गल्लीत उठली होती. चाळीस वर्षं फ्रिज-एसी दुरुस्त करणारा माणूस, आणि कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या बाईंचा साधा एसी त्याला जमला नाही! खोटं कशाला बोलू, मीही ही बातमी चार घरी पोचवली, आणि तिखटमीठ लावूनच.

फ्रिजवाल्याचं घर भंगारातल्या फ्रिजांनी भरलेलं. मशीन काढून, आत बल्ब लावून, दाराला काच बसवून त्यानं त्यांच्या उबदार पेट्या केल्या होत्या. दिवसभर लोकांना गारवा द्यायचा आणि घरी येऊन लोकांनी टाकलेल्या जिवांना ऊब. कवच मऊ पडलेलं कासव, स्वतःची पिसं उपटून उघडा झालेला परदेशी पोपट. आणि हिरवी, म्हणजे हातभर लांब इग्वाना, परदेशी सरड्याची जात.

हिरवी त्याच बाईंची. हॉलला शोभा म्हणून आणली, बिस्किटांवर वाढवली. हाडं मऊ पडून मागचा पाय वाकला, तेव्हा खोक्यात घालून गुपचूप याच्या पायरीवर ठेवली. तीन महिने यानं तिला हातानं पाला भरवला, उन्हात बसवलं. ती पहिल्यांदा काठीवर चढली तेव्हा याचे डोळे भरून आले.

"माझ्या गुडघ्याकडे कधी एवढं बघितलं नाहीस," त्याची थोरली बहीण म्हणाली.

"ताई, तुझा गुडघा दिवसभर बडबडतो. हिला बोलता येत नाही."

आणि मग बाई दारात हजर. "आमची हिरवी बरी झाली म्हणे! रविवारी पाहुणे यायचेत."

"तिला ऊब लागते, बाई. ऊन, पाला..."

"अहो, आमच्याकडे किती शहाण्यासारखी राहायची. जागची हलायची नाही."

"गारठलेली असायची ती!"

बाई हसल्या आणि हिरवीला घेऊन गेल्या. त्यांचीच होती ना ती. त्या दिवशी तो तीन गिऱ्हाइकांशी भांडला. त्यातलं एक मी.

पंधरा दिवसांनी बाईंचा निरोप आला, एसी नीट गार करत नाही. हा गेला. एसीच्या बरोबर खाली, काचेच्या कपाटावर हिरवी पडलेली. रंग राखेसारखा, डोळे अर्धे मिटलेले. बोट लावलं तरी हलेना.

"बघा, कशी शांत आहे," बाई कौतुकानं म्हणाल्या. "तिच्यासाठीच अठरावर ठेवतो आम्ही. जरा उकडलं की अंगात येतं तिच्या."

तो तासभर शिडीवर होता. उतरून म्हणाला, "पार्ट गेलाय. यायला दहा-बारा दिवस लागतील."

"या उकाड्यात?"

"खिडक्या उघडा. ऊन येऊ द्या."

चौथ्या दिवशी हिरवीनं डोळे पूर्ण उघडले. सहाव्या दिवशी ती पडद्यावर चढली. आठव्या दिवशी कपाटावरची फुलदाणी फोडली आणि बाईंच्या नवऱ्याच्या बोटाला चावली. नवव्या दिवशी बाई स्वतः खोकं घेऊन आल्या, या खेपेला भर दुपारी.

"घ्या तुमचं हे कार्टं. बिघडलंय."

"परत मागायला याल."

"अहो, पाया पडलात तरी नको!"

"मग तसं लिहून द्या," फ्रिजवाला म्हणाला. बाईंनी फणकाऱ्यानं लिहून दिलं.

त्याच संध्याकाळी बाईंनी दुसरा मेकॅनिक बोलावला. दहा मिनिटांत हॉल गार! त्या पठ्ठ्यानं ही गोष्ट घरोघरी सांगितली, आणि फ्रिजवाल्याची निम्मी गिऱ्हाइकं तुटली.

"सांगून टाक ना लोकांना खरं काय ते," ताई चिडली.

"सांगून काय होणार?" त्यानं पाना आपटला. "बाईंनी काल पोपट आणलाय. एसीखालीच टांगलाय. आता त्या घरात मला शिडी लावू देणार आहे कोण?"

पेटीत हिरवी बल्बखाली पाय पसरून बसली होती. तो तिच्याकडे बघेना.

ताईनं पुढे मला सगळं सांगितलं, ते असं. एसीचा फिल्टर तुंबला होता. तो त्यानं दहा मिनिटांत साफ केला. मग एक वायर काढून ठेवली.