अंगरखे सांभाळणारा

ज्याने दगड मारला नाही, तो निर्दोष असतो असं तुम्हालाही वाटतं का?

वसईच्या एका जुन्या चर्चमध्ये युरोपीय बरोक शैलीतलं काळपट चित्र आहे. लोक दगड मारून एका संताचा जीव घेताहेत. संतावर सोनेरी उजेड पडलाय, पण मारेकऱ्यांचे डोळे कुणीतरी खरवडलेत.

हे कुणी केलं, असं मी विचारलं तेव्हा चित्राची चौकट पुसणाऱ्या रोझीमावशी हसल्या. "आम्हीच गं! लहानपणी केसांतल्या पिनेने खरवडायचो. मारतात काय आमच्या संताला!"

चित्राच्या कोपऱ्यात एक तरुण मारेकऱ्यांचे अंगरखे सांभाळत उभा होता. त्याचे डोळे शाबूत होते.

"याला का सोडलं, मावशी?"

"त्याने काय केलंय, बाय? कपडेच तर धरलेत."

मला कॉलेजचे दिवस आठवले. कॉलेजच्या फाटकाशी माझ्या मित्रांनी पत्रकं वाटणाऱ्या सुधाकरला मारलं, तेव्हा त्यांच्या बॅगा माझ्या खांद्यावर होत्या. मी त्याला हात लावला नाही, असं मी सगळ्यांना सांगते. सुधाकर मात्र अजून माझ्याशी बोलत नाही.

मावशींचं फडकं त्या शाबूत डोळ्यांवरून हळूच फिरलं. ते डोळे माझ्याकडेच बघत होते.

तुमच्याकडे कुणी अशी बॅग धरायला दिली, तर ती खाली टाका आणि मध्ये पडा.