अक्काचं कोल्हापूर दर्शन

माझी थोरली बहीण निपाणीच्या पलीकडं एका खेड्यात दिलेली. आम्ही मूळचे कुरुंदवाडचे, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. त्यामुळं ती आम्हा सगळ्यांची अक्का आणि मी तिचा तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. आता ती एकाहत्तरची आणि मी पासष्टचा, तरी हाका त्याच आहेत.

तिचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, आठ वर्षं अंथरुणाला खिळून होते. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली. अक्कानं त्यांचं सगळं केलं. ते गेले, आणि वर्ष उलटल्यावर भाचा एक दिवस तिला घेऊन आमच्या दारात आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, आठ दिवस ठिवून घ्या. घरात नुसती बसून असतीया. काय विचारलं तर व्हय, न्हाय, एवढंच."

माझीही तेव्हा फार मोठी उमेद होती असं नाही. शाहूपुरीतलं पंपाच्या सुट्ट्या भागांचं दुकान दोन वर्षांपूर्वी मुलाच्या हाती दिलं होतं. चाळीस वर्षं काउंटरला उभा राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या होत्या. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी गॅलरीतली खुर्ची, एवढ्यात माझा दिवस संपायचा आणि तो तसाच संपावा असं वाटायचं. अक्का आली तशी आम्ही दोघंही दोन खुर्च्यांत बसून राहू लागलो. बायको चहा आणून द्यायची आणि आमच्याकडं बघून परत आत जायची.

तिसऱ्या दिवशी अक्का म्हणाली, "तम्मा, मला कोल्हापूर बघायचं हाय."

"त्यात काय बघायचं? शंभर वेळा आलीयास की."

"आले की. दाखवायला, तपासायला, गोळ्या न्यायला. गाव कुठं बघितलं?"

मुलाची गाडी होती, पण ती चालवायची, गर्दीत जागा शोधून लावायची, या विचारानंच मला दमल्यासारखं झालं. शेवटी मुलानंच फोनवरून एका मिनीबसमध्ये आमच्या दोन सीट धरल्या. एका दिवसात सगळं कोल्हापूर, सोबत गाईड. ज्या गावात माझं आयुष्य गेलं ते गाव बघायला मी तिकीट काढून निघालो.

जानेवारीची सकाळ होती. स्टँडजवळून साडेसातला बस सुटली. आम्ही चौदाजण होतो, बहुतेक बाहेरगावचे. गाईड पन्नाशीचा, जाड मिशांचा, गळ्यात मफलर. आवाज बसलेला, तरी माईक तोंडाला लावूनच बोलत होता. त्यानं प्रत्येकाला कुठून आलात ते विचारलं. माझ्यापाशी आला तेव्हा मी म्हणालो, "इथलंच."

"इथलंच? मग पावणं, बसमधी काय करताय?"

सगळे हसले. मी ओशाळलो. अक्का म्हणाली, "मी आणलंय त्याला." गाईडनं तिला नमस्कार केला आणि पुढं गेला.

आधी देवीचं मंदिर झालं. रांगेत तासभर गेला. मी दर दहा पावलांना खांबाला टेकत होतो. खरं सांगायचं तर गेली कित्येक वर्षं मी बाहेरूनच हात जोडून दुकानाला जायचो. गाईड दगडांतल्या मूर्ती दाखवत होता, मावळतीची किरणं कुठून आत येतात, देवीच्या कुठपर्यंत जातात ते सांगत होता. हे सगळं त्यानं इतक्या वेळा सांगितलं असणार, की सांगताना तो दुसरीकडंच बघत होता. अक्का मात्र मान वर करून एकेक मूर्ती बघत होती. तिचा पदर डोक्यावरून घसरला तरी तिला कळलं नाही. नंतर भवानी मंडपातून चालत फिरलो आणि पुन्हा बसमध्ये बसलो तेव्हा माझे पाय ठणकत होते.

राजवाड्याकडं जाताना बस एका सिग्नलला थांबली. गाईड उजवीकडं हात करून काहीतरी सांगत होता, सगळे उजवीकडं बघत होते. अक्का डावीकडं बघत होती. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ती भिंत बघ. तिच्याखाली कट्टा हाय न्हवं, तिथं मी बसायची."

भिंतीमागं एक दवाखाना होता. पहिला झटका आला तेव्हा भावजींना तिथं दीड महिना ठेवलं होतं. तेव्हा मी रोज संध्याकाळी बायकोनं दिलेला डबा घेऊन जायचो, दहा मिनिटं उभा राहायचो आणि यायचो. पुढं ते घरी गेले, तो विषय माझ्यापुरता संपला.

"ते दीड महिना होतं की," मी म्हणालो.

"न्हाय रे. त्याच्याम्होरं चार वर्षं. दर पंधरा दिवसांनी व्यायामाला आणायचो. ह्यांस्नी आत न्हेलं की दोन तास मला कायच काम न्हाय. मग हितं येऊन बसायची."

"मग आम्हाला का कळवलं नाहीस?"

"कळवून काय करायचं? तुझी दुकानाची वेळ." ती अजून खिडकीतूनच बघत होती. "तू दिसायचास की. स्कूटरवरनं जायचास जेवायला. तीन-चार बारी तरी बघितला असल."

"हाक मारायचीस."

"दमलेला दिसायचास," ती म्हणाली.

सिग्नल सुटला. गाईड राजवाड्याच्या बांधकामाविषयी सांगू लागला. मला त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही.

कारण मीही तिला बघितलं होतं. एकदाच, भावजी घरी गेल्यावर वर्षभरानं. वैशाखातली दुपार, मी दुकानातून घरी जेवायला निघालेलो. याच सिग्नलला थांबलो होतो. कट्ट्यावर अक्का बसली होती. डोक्यावर पदर, मांडीत पाण्याची बाटली. ती कुणाकडं बघत नव्हती असं मला वाटलं होतं. थांबायचं तर स्कूटर लावा, आत जा, भावजींना भेटा. आणि भावजी आजारपणात असे झाले होते, की ओळखीचं माणूस दिसलं की घळाघळा रडायचे. तोंडातून शब्द नाही, नुसतं रडणं, आणि आपला हात धरून ठेवायचे. त्या दुपारी ते मला झेपणार नाही असं वाटलं. मी समोर बघत राहिलो, आणि सिग्नल सुटल्यावर घरी गेलो. जेवलो, आडवा झालो आणि मला गाढ झोप लागली. बायकोला सांगितलं नाही. संध्याकाळी दुकान उघडलं तेव्हा वाटलं, फोन करावा. केला नाही.

राजवाड्याच्या संग्रहालयात मी अक्काच्या मागून चालत होतो. जुन्या तलवारी, पालख्या, पेंढा भरलेले वाघ. ती काचेसमोर उभी राहिली की मी उभा राहायचो, ती चालली की चालायचो. एका अस्वलापुढं ती बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "डोळं काचंचं हायत, तरी बघतंय बघ." मी हो म्हणालो.

जेवायला एका खानावळीत नेलं. गाईडनं तांबडा-पांढरा रस्सा कसा भुरकायचा याचं प्रात्यक्षिक दिलं. आमच्या घरात मटण चालत नाही, त्यामुळं आम्ही दोघं कोपऱ्यात भाकरी आणि अख्खा मसूर घेऊन बसलो. अक्कानं दीड भाकरी खाल्ली. मी पहिलीच भाकरी मोडत बसलो होतो. तिनं माझ्या ताटाकडं बघितलं आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला.

दुपारी पन्हाळा. घाट चढताना बसमध्ये निम्मे लोक झोपले होते. वर तीन दरवाज्याजवळ उतरल्यावर गाईड म्हणाला, "आता चालायचं हाय पावणं. ज्यांचं गुडघं कुरकुरत्यात त्यांनी सावलीला बसायचं. मी तासाभरात येतो." अक्का माझ्याकडं बघून म्हणाली, "आपण बसूया." मला आनंदच झाला. एक बाई हरभऱ्याचा डहाळा विकत होती. अक्कानं दोन जुड्या घेतल्या. आम्ही तटाच्या सावलीत दगडावर बसलो. खाली उसाची हिरवी पट्टी आणि लांब कोल्हापूर धुरकट दिसत होतं.

ती घाटे सोलायची, दोन दाणे मला द्यायची, दोन स्वतःच्या तोंडात टाकायची. लहानपणी नदीकाठच्या मळीच्या रानात बसून आम्ही असेच हरभरे खायचो, तेव्हा ती चार दाणे मला द्यायची. मग मी सांगून टाकलं.

"अक्का, मी बघितलं होतं तुला. त्या कट्ट्यावर. एकदा."

तिचे हात थांबले नाहीत.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "तू बघितलास आनि मान सरळ केलीस."

मला वाटलं होतं तिला माहीत नसेल. इतकी वर्षं मी त्याच भरवशावर होतो. शेवटी विचारलं, "राग आला असेल."

"आला की. का येऊ ने? दोन दीस लई आलता. मनात म्हटलं, आता त्याच्या दारात पाय ठिवायचा न्हाय. मग तिसऱ्या दिशी ह्यांस्नी ताप भरला. त्या गडबडीत राग कुठं गेला कळलंच न्हाय."

"मी दमलो होतो. म्हणजे, तसं काही कारण नव्हतं. नुसता दमलो होतो."

"मग मी काय खोटं बोलले व्हय? दमलेलाच दिसत हुतास." तिनं टरफलं झटकली. मग खालच्या शेतांकडं बघत ती हळू आवाजात म्हणाली, "मी बी एकदा तसंच केलंतं."

मी तिच्याकडं बघितलं.

"त्याच कट्ट्यावर. आतनं सिस्टर हाक मारत हुती. पेशंटच्या बाई, पेशंटच्या बाई, या म्हणून. मला ऐकू येत हुतं. ह्यांचं कापड बदलायचं असणार, दुसरं काय. पर उठवंना. म्हटलं, मारू दे हाका. पाच मिन्टं, धा मिन्टं, तशीच बसले. समोरनं गाड्या जात हुत्या त्या बघत. आत गेले तर हे भिजल्यालं, डोळ्यांत पानी, आनि दाराकडंच बघत हुतं." ती थांबली. "ते मी कुणाला सांगितलं न्हाय. पोरालाबी न्हाय."

तिनं उरलेली जुडी माझ्याकडं दिली आणि पाठ तटाला टेकली. मी सोलून तिला दाणे देत राहिलो. माझं मन हलकं झालं असं म्हणता येणार नाही. केलेलं ते केलेलं होतं. फक्त ते आता माझ्या एकट्याजवळ नव्हतं, आणि तिचं तिच्या एकटीजवळ नव्हतं.

तासाभरानं गाईड मंडळींना घेऊन परत आला. त्याचा आवाज आता पुरता गेला होता. आमच्याजवळ येऊन त्यानं खुणेनंच विचारलं, बरं आहे ना. अक्कानं त्याला मूठभर हरभरे दिले. तो उभ्यानंच खाऊ लागला. "रोज येताय व्हय हितं?" तिनं विचारलं. त्यानं घसा खाकरला आणि कसंबसं म्हणाला, "मावशी, सीझनला रोज. घरची म्हनती, एक दीस आमालाबी दाखवा की गड. अजून जमलं न्हाय."

जोतिबाच्या डोंगरावर पायऱ्या बघूनच मी खालच्या दुकानात बसलो. अक्का मात्र गेली. गुलालानं कपाळ माखून, धापा टाकत परत आली आणि बसमध्ये बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

शेवटचा थांबा रंकाळा तलाव होता. सूर्य मावळतीला आला होता. सगळे उतरले. गाईड दारात उभा राहून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मावशींना उठवा की. दिवसातलं चांगलं हेच हाय."

अक्काचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलं होतं आणि तोंड किंचित उघडं होतं. आठ वर्षं ती रात्रीतून तीन-तीनदा उठत होती, भाच्यानं सांगितलं होतं. मी म्हणालो, "राहू दे." गाईडनं मान हलवली आणि दार हळू लावून गेला. मी तिची शाल वर ओढली. तिकडं तळ्यावर सोनेरी पाणी असेल, भेळेच्या गाड्या असतील, मी मात्र मान मागं टाकली आणि कधी झोपलो ते मला कळलं नाही. ड्रायव्हरनं खांदा हलवला तेव्हा बस स्टँडजवळ उभी होती आणि माणसं उतरून गेली होती.

"तळं आलंतं का?" अक्कानं विचारलं.

"आलं होतं."

"उठवायचं न्हायस व्हय?" ती म्हणाली, पण रागानं नाही. रिक्षात ती परत पेंगली.

पुढचे चार दिवस आम्ही कुठंही गेलो नाही. रविवारी भाचा येऊन तिला घेऊन गेला.

आता तिच्या एका डोळ्यात काचबिंदू आहे आणि त्याच्या तपासणीसाठी ती महिन्यातून एकदा कोल्हापूरला येते. येण्याआधी फोन करते. दोनदा मी गेलो, दवाखान्यातल्या बाकावर तिच्याशेजारी बसलो, औषध घालून ती डोळे मिटून बसली होती तोवर तिला पेपर वाचून दाखवला. तिसऱ्या वेळी मात्र सकाळपासून पाय सुजले होते आणि अंगात काही उरलंच नव्हतं. काय कारण सांगावं याचा विचार करत मी फोन हातात घेऊन थोडा वेळ बसलो. मग सरळ सांगितलं, "अक्का, आज उठवत नाही बघ."

"मग झोप की," ती म्हणाली. "पोरगं हाय संगं. तपासून झालं की जेवायला घराकडं येतो. वैनीला म्हणावं भाकरी टाक."