अडतीस वर्षांचा सेंटर आणि कुर्लेकर काका

मीराचा फोन आला तेव्हा मी स्टुटगार्टच्या ऑफिसात कॅन्टीनच्या रांगेत ट्रे घेऊन उभा होतो. मीरा म्हणजे कुर्लेकर काकांची मुलगी, हॅम्बुर्गला असते. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते ती जर्मनच. "बाबा गेले," एवढे दोन शब्द मात्र तिने मराठीत म्हटले आणि पुढचं सगळं जर्मनमध्ये सांगितलं... काल सकाळी, स्वयंपाकघरात, खुर्चीत बसल्याबसल्या. दुपार झाली तरी रेडिओ चालूच आहे म्हणून शेजारच्या बाईंनी बेल वाजवली, तेव्हा कळलं. मी नुसता जर्मनमधलं "जा, जा", म्हणजे हो, हो, करत राहिलो. रांग पुढे सरकली तसा मीही सरकलो आणि चक्क बटाटे वाढून घेतले. आपलं माणूस गेल्याचं कानावर पडत असताना मी बटाटे वाढून घेतले, याची आजही लाज वाटते. त्याला आता सात आठवडे झाले.

आपलं माणूस म्हणतो खरा, पण काका माझे नात्याने कुणीच नव्हते. ड्रेस्डेनला कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात नोकरी लागून मला महिना झाला असेल. ट्राममध्ये आईशी फोनवर बोलत होतो. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आई टोपीबद्दल विचारत होती आणि मी उघड्या डोक्याने "हो गं, घातलीये" म्हणत होतो. फोन ठेवला तर मागच्या सीटवरून आवाज आला, "खोटं कशाला बोलता हो आईशी?" वळून पाहिलं. जाड मिशा, लोकरी कोट, मांडीवर भाजीची पिशवी. मी त्यांना तुर्की समजलो होतो. पुढच्या स्टॉपला आम्ही दोघं उतरलो, त्यांनी मला दुकानात नेऊन टोपी घ्यायला लावली, आणि 'तुम्ही'चं 'तू' व्हायला तेवढी टोपी पुरली.

काका मूळचे मिरजेचे. साठच्या दशकात शिकायला म्हणून पूर्व जर्मनीत आले, कॅमेऱ्यांच्या कारखान्यात लागले, इनग्रिडकाकूंशी लग्न केलं आणि तिथलेच झाले. मी भेटलो तेव्हा काकू जाऊन चार वर्षं झाली होती. अकराव्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, खिडकीतून दिसणारी तसलीच दुसरी इमारत, आणि टेबलावर एकाच माणसाची ताटली. आठवड्यातले बाकीचे दिवस ते कसे घालवत होते देव जाणे, पण शुक्रवारी मात्र हा माणूस वेगळाच असायचा. शुक्रवारी आइस हॉकीची मॅच! आमचा संघ दुसऱ्या श्रेणीतला, हॉल जुना, छप्पर पत्र्याचं. आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा. उभ्याने बघायच्या बाजूला तिसऱ्या कठड्यापाशी काकांची जागा. जागांना नंबर नसतात, पण नेहमीचा माणूस आपला मफलर कठड्याला बांधून जागा धरतो आणि त्या गाठीला कुणी हात लावत नाही. पहिल्याच शुक्रवारी काकांनी दोन मफलर बांधले. त्या दोन-अडीच हजार गोऱ्या माणसांत आम्ही दोघं मराठीत ओरडायचो आणि शेजारचे लोक आमच्या "अरे मार की लेका!"ची नक्कल करायचे.

मग एका उन्हाळ्यात बातमी आली की आपल्या संघाने एक चेक सेंटर घेतलाय, वय वर्षं अडतीस. अहो, काय भडका उडाला! गेल्या हंगामात आमचे गोलच होत नव्हते, सगळ्यांना गोल मारणारा तरणाबांड गडी हवा होता, आणि आणला कोण, तर म्हातारा, तोही बचाव करणारा सेंटर. म्हणजे दोन्ही बाजूंच्या मधोमध खेळायचं, पण स्वतः गोल करायच्या फंदात पडायचं नाही. समोरच्या संघाचा सगळ्यात भारी खेळाडू असेल त्याला चिकटून राहायचं, त्याला काही करू द्यायचं नाही. काकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'आबा' ठेवलं. "नीलेश, हा माणूस काहीच करत नाहीये असं वाटतं ना बघताना? गेनाऊ, अगदी बरोबर! तेच त्याचं काम. न झालेला गोल कुणाला दिसत नाही रे."

वाद पेटला तो इंटरनेटवरच्या फोरमवर. पाठीराख्यांचा तो चव्हाटाच होता म्हणा ना. काकांकडे कॉम्प्युटर नव्हता. मग दर बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे जायचो, ते "लिही" म्हणायचे आणि येरझारा घालत जर्मनमध्ये मजकूर सांगायचे. प्रत्येक पत्राची सुरुवात "मान्यवर महोदय" अशी. फोरमवर लोक एकमेकांना गाढव म्हणत होते आणि आमचे काका मान्यवर महोदय! जर्मन शब्दांच्या लिंगांचं माझं 'डेर, डी, दास' चुकलं की हातातला चमचा टेबलावर आपटायचे. मी घरी येऊन ते टाइप करायचो, 'ओपा मिरज', म्हणजे मिरजेचे आजोबा, या नावाने टाकायचो आणि लोकांची उत्तरं ऑफिसात छापून पुढच्या बुधवारी त्यांना नेऊन द्यायचो. खातं मीच उघडलं होतं, पासवर्डही माझाच.

आता खरं सांगायचं तर मला तो म्हातारा सेंटर साफ नापसंत होता. पण काकांच्या तोंडावर बोलायची छाती नव्हती. एके दिवशी त्यांचं पत्र टाकून झाल्यावर मी दुसरं खातं उघडलं. नाव 'ब्लाउलिनिए', म्हणजे बर्फावरची निळी रेषा. आणि काकांच्याच पत्राला उत्तर लिहिलं. साधंच होतं पहिलं. पण बुधवारी काकांनी ते वाचलं, मिशा थरथरल्या, "कोण हा शहाणा? लिही!" म्हणाले, आणि मला मजा वाटली हो. खोटं कशाला बोलू? शेजारी बसून मी त्यांची बाजू लिहून घ्यायचो आणि घरी जाऊन ती खोडायचो. असे पाच-सहा बुधवार गेले. फोरमवरचे लोक आमच्या भांडणाची वाट बघू लागले.

एकदा जोशात येऊन मी लिहिलं की या वयात माणसाने बर्फावर पडझड करून घेऊ नये, घरी झोपाळ्यावर बसावं, नातवंडं खेळवावीत आणि जेवायला हाक मारली की उठावं. कुणी 'आता पुरे' म्हणत नाही म्हणून जागा अडवून बसू नये. मला वाटलं, काय फर्मास लिहिलंय! पण जर्मन घरात झोपाळा असतो कुठे? त्यांच्या डोळ्यांपुढे आला तो बागेतला, लहान मुलांचा. अख्खा फोरम हसून लोळला. पुढच्या शुक्रवारी कुणीतरी दाढीवाला म्हातारा बागेतल्या झोक्यावर बसलाय असं मोठ्ठं चित्र रंगवून आणलं आणि ते आमच्या समोरच्या कठड्यावर टांगलं. काका ते चित्र बराच वेळ बघत होते.

बुधवारी मी छापील कागद दिला. काकांनी वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. "झोपाळा..." असं मराठीत पुटपुटले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "माणूस चांगल्या घरातला दिसतोय." मी, अकलेचा कांदा, हसलो. मला वाटलं, टोमणा मारतायत.

"लिही," ते म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्या दिवशी येरझारा नव्हत्या. "मान्यवर महोदय, बर्लिनची भिंत पडली त्या वर्षी मी पन्नास वर्षांचा होतो. आमचा कारखाना बंद झाला. आर्बाइट्सआम्टमध्ये, त्या सरकारी रोजगार कचेरीत, नोकरी मागायला गेलो तेव्हा खिडकीपलीकडची मुलगी माझ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी असेल. ती गोड आवाजात म्हणाली, तुम्ही आता घरी आराम करा. पंचवीस वर्षं मी शटर तपासत होतो. माझ्या हातून गेलेला कॅमेरा बिघडून परत आला नाही. न बिघडलेल्या कॅमेऱ्याची नोंद कुठेच नसते. माझ्या घरी झोपाळा नाही, महोदय, नातवंडं नाहीत, आणि जेवायला हाक मारणारी बाई आता नाही. शुक्रवारी मी कठड्यापाशी उभा राहतो ती जागा अडवायला नव्हे. मला दुसरी जागा नाही म्हणून."

माझा पेन थांबला होता. "लिहिलंस?" त्यांनी न वळता विचारलं. "हो काका." तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं, काका, मीच तो. पण त्यांनी चहाचं आधण ठेवलं, मी कप विसळले, आणि ते राहून गेलं. घरी जाऊन ते पत्र शब्दही न बदलता टाकलं. ते चित्र पुन्हा दिसलं नाही. ब्लाउलिनिएनेही पुन्हा एक अक्षर लिहिलं नाही.

आणि आबा? आबांनी पुढे आम्हा सगळ्यांना गप्प केलं. हंगामाच्या शेवटच्या मॅचला आम्ही एका गोलने पुढे होतो, हरलो असतो तर तिसऱ्या श्रेणीत जाणार होतो. शेवटच्या दोन मिनिटांत समोरच्यांनी आपला गोलकीपरसुद्धा बाहेर काढून जास्तीचा गडी आत घातला. चार वेळा बुली आमच्या गोलसमोर पडली. बुली म्हणजे पंच समोरासमोरच्या दोन गड्यांच्या मध्ये चकती टाकतो आणि ज्याची काठी आधी लागेल त्याची ती. चारही वेळा आबांनी ती जिंकली आणि मुकाट्याने मागे सरकवली. बस्स. त्या हंगामात त्यांनी एवढंच काय ते केलं असेल. मी बोंबलून घसा बसवून घेतला. काकांनी मात्र "बघ, मी म्हणत नव्हतो?" असं एकदाही म्हटलं नाही. ट्राममध्ये एवढंच विचारलं, "तुझ्या त्या ब्लाउलिनिएने काही लिहिलं का रे परत?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "लिहील." 'तुझ्या त्या' हे दोन शब्द मला तेव्हा ऐकूच आले नाहीत.

पुढच्या वर्षी मी स्टुटगार्टला आलो. दर रविवारी फोन. गुडघा, हवा, संघाची हार-जीत, मीराची नवी नोकरी, सगळं बोलून झालं की काका विचारायचे, "अजून काही?" आणि थांबायचे. चांगले थांबायचे, लाइन कट झाली की काय असं वाटेपर्यंत. मी म्हणायचो, "नाही काका, बाकी ठीक." मग ते "बरं" म्हणून ठेवायचे. मला वाटायचं, एकटे आहेत बिचारे, फोन ठेवावासा वाटत नसेल. हळूहळू रविवारचे फोन पंधरा दिवसांवर गेले, मग महिन्यावर. कामं असतात, असं मी स्वतःला सांगायचो. कसली कामं? ट्रामने गावभर भटकत होतो.

अस्थिकलश पुरायला इकडे तीन-चार आठवडे लागतात. मी ड्रेस्डेनला गेलो. इनग्रिडकाकूंच्या शेजारची जागा. आम्ही अकरा माणसं होतो, त्यातली सहा तिसऱ्या कठड्यावरची, गळ्यात संघाचे मफलर घालून आलेली. नंतर घरी मीराने कॉफी केली, केक कापला. तीच स्वयंपाकघरातली खुर्ची कुणीतरी भिंतीला लावून ठेवली होती. तिच्यावर कुणी बसलं नाही. मीरा माझ्या कपात कॉफी ओतताना एकदम म्हणाली, "आख्, म्हणजे झोपाळेवाले तुम्हीच!"

कप भरला तरी मी तो पुढे धरूनच राहिलो.

तिला वाटलं, जर्मन नीट कळलं नाही, म्हणून ती सावकाश सांगू लागली. बाबांनी त्याच बुधवारी फोन केला होता, आधी खूप हसत होते. म्हणाले, या गावात मोठ्या माणसाला झोपाळ्यावर बसवणारे दोघंच, एक मी आणि दुसरा तो. "मी चिडले होते," मीरा म्हणाली. "मी म्हटलं, त्याला घरात घेऊ नका. तर म्हणाले, नको, पोरगा येतो बुधवारचा. विचारलं तर लाजेल आणि यायचा बंद होईल. सांगेल तो आपणहून." मग तिने माझ्याकडे बघून अगदी सहज विचारलं, "सांगितलंत ना नंतर?"

मी म्हटलं, "जा." म्हणजे हो.

खोटं. काकांच्या स्वयंपाकघरात बसून काकांच्या मुलीशी खोटं बोललो. रविवारच्या त्या सगळ्या फोनांच्या शेवटी ते कशासाठी थांबत होते हे मला त्या क्षणी कळलं, आणि तरी मी "जा" म्हणालो, कारण "नाही" म्हटलं असतं तर तिथे रडलो असतो. इतका एकटा माणूस, आणि तो मला सांभाळून घेत होता! माझी लाज राखायला त्याने स्वतःचा अपमान गिळला आणि तीन वर्षं वाट बघत बसला. आणि मला साधं "मीच तो" म्हणता आलं नाही. मीराला मराठी वाचता येत नाही, पण ऐकून कळतं. हा लेख छापून आला की फोनवर तिला वाचून दाखवणार आहे, या ओळीसकट.

गेल्या बुधवारी संध्याकाळी फोरम उघडला. ब्लाउलिनिएच्या नावाने लिहिलं की तो मीच, नीलेश, ओपा मिरजच्या शेजारी उभा राहणारा, आणि झोपाळा आमच्याकडे घरात असतो, मोठी माणसं त्यावर बसतात, मानाने. तासाभरात उत्तरं आली. कुणी शिव्या दिल्या, कुणी लिहिलं की तिसऱ्या कठड्याला म्हाताऱ्याचा मफलर आम्ही अजून बांधतो, ये कधीतरी. सगळी वाचली. मग ज्याचं उत्तर यायला हवं होतं त्याचं खातं उघडलं. पासवर्ड माझ्याकडेच आहे. वर नाव आलं, ओपा मिरज, आणि खाली रिकामी चौकट. त्यांची सुरुवात मला पाठ आहे. "मान्यवर महोदय" एवढं टाइप केलं आणि सवयीने मान वर करून थांबलो... पुढचं सांगायला कुणी नव्हतं.