पाणी उपसताना

आमचे हे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने बनवायचे. निवृत्त झाल्यावर डोंबिवलीतल्या आमच्या तळमजल्याच्या घरामागे, पाण्याच्या टाकीला लागून जी जागा आहे, तिथे त्यांनी होडी बांधायला घेतली. शिडाची, दहा फुटी. कोकणात लहानपणी चुलत्यांच्या होडीत बसले होते, पण सुकाणू कधी हातात मिळालं नव्हतं. मला हा प्रकार पसंत नव्हता. भुसा पार डाळीच्या डब्यापर्यंत यायचा. पण दिवसभर टीव्हीशी भांडण्यापेक्षा बरं, म्हणून मी गप्प होते.

होडी अर्धी झाली आणि त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. वजन उचलायचं नाही, दमायचं नाही. तरी स्टुलावर बसून थोडं थोडं करत राहिले. जड फळ्या मी धरायचे. मे महिन्यात होडी तयार झाली. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सोमवारी ऑपरेशनसाठी दाखल व्हायला सांगितलं. जोखीम मोठी आहे, हेही सांगितलं.

“रविवारी दुपारी भरती आहे,” परत येताना रिक्षात हे म्हणाले. “होडी पाण्यात घालू.”

अडचण अशी की नवी लाकडी होडी आधी काही दिवस पाण्यात बुडवून ठेवावी लागते. लाकूड पाणी पिऊन फुगतं, मग फळ्यांमधल्या फटी मिटतात. आमची तर उन्हात तापून जास्तच सुकली होती. सांध्यांत कापूस ठोकून भरला होता, तरी ती गळणार हे त्यांना पक्कं माहीत होतं.

“मग परत आल्यावर घाला,” मी म्हणाले.

“आणि नाही आलो तर?”

मी टेम्पो ठरवला.

खाडीवरच्या एका मच्छीमाराला सोबतीला सांगून ठेवलं होतं. तो आपल्या होडीतून आमच्या मागे राहणार होता. आमची होडी पाण्यात गेली आणि आत ठिकठिकाणी पाझर फुटले.

“काका, ही होरी हाय का चालन?” त्याने विचारलं.

“चाळणच आहे. पीठ घेऊन ये,” हे म्हणाले.

“काकू, मग तुमी कशाला बसताव?”

“पाणी कोण काढणार? तू?” मी मोरीतलं टमरेल घेऊन चढले.

मुलगी घोडबंदर रोडला राहते. ती मोबाइलवर शूटिंग करणार होती, पण ट्रॅफिकमध्ये अडकली. भरती कोणासाठी थांबत नाही. आम्ही निघालो.

वारा भरला तसं शिडाचं फडफडणं थांबलं, एवढं मला ऐकू आलं. होडी कलली आणि सगळं पाणी माझ्या बाजूला आलं. मी वाकून उपसत होते. जरा हात थांबला की पाणी चढायचं.

“अगं, बगळे बघ,” हे एकदा म्हणाले.

“तुम्ही बघा,” मी म्हणाले.

पुलाच्या दिशेने गेलो, वळलो, परत आलो. अर्धा तास असेल.

ऑपरेशननंतर ते शुद्धीवर आलेच नाहीत. होडी काठालाच बांधलेली होती. या धावपळीत ती तिथेच भरून बुडली. नंतर मच्छीमाराचा फोन आला. पाणी काढलंय, आता थेंबभरही गळत नाही, काय करू म्हणाला. वापर, मी म्हणाले.

दिवसकार्य झाल्यावर मुलगी माझ्याबरोबर भांडी पुसत होती.

“आई, होडी चालवताना बाबा कसे दिसत होते गं?”

“मी पाणी उपसत होते.”

“एकदासुद्धा बघितलं नाहीस?”

नव्हतं बघितलं. मच्छीमारालाही मी फोनवर विचारलं होतं. तो मागे होता, त्याला नुसती पाठ दिसली. वाकलेली असल्याने मला दिसले ते त्यांचे पाय. अनवाणी, दुखण्याने सुजलेले, घोट्यापर्यंत पाण्यात. टाचा आडव्या पट्टीला घट्ट टेकवलेल्या, आणि एक अंगठा सारखा हलत होता, रेडिओवर आवडीचं गाणं लागलं की हलायचा तसा.

मी तिला तेवढं सांगितलं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“कुठला पाय?”

“उजवा,” मी म्हणाले.